रेवदंड्याहून नागावला, पाण्यातून

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची आगबोट सुटली तेव्हा माझी भाची इंदू पाण्याकडे पाहत होती आणि मी सामान मोजत होते. दोन ट्रंका, वळकटी, स्टोव्ह, औषधांची पेटी, फराळाचा डबा आणि खोबरेल तेलाचा एक मोठा पत्र्याचा डबा. पुण्याहून कोकणात खोबरेल तेल घेऊन जाणारी बाई बहुधा मी पहिलीच. पण यादीत 'तेल, अंगाला फासण्यासाठी' असे लिहिले होते, आणि यादीतले सगळे घेतल्याशिवाय मी उंबरठा ओलांडत नाही.

निघण्याचे कारण आधी सांगते. इंदू माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. वाईला कृष्णेच्या डोहात ती पोहायला शिकली आणि पुण्याला कॉलेजात आल्यावरही तिने ते सोडले नाही. मुंबईच्या एका मंडळाने येत्या फाल्गुनात समुद्रातली लांब पल्ल्याची शर्यत ठरवली आहे आणि तीत मुलींनाही घेणार आहेत. अट अशी, की नाव नोंदवण्याआधी मुलीने सुमारे पाच मैल अंतर उघड्या समुद्रात पोहून दाखवावे व एखाद्या जबाबदार गृहस्थाने ते डोळ्यांनी पाहून तसे लिहून द्यावे. पाण्यात पाय टाकल्यापासून कोरड्या वाळूवर येईपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही आणि तिनेही होडीला हात लावायचा नाही.

इंदूचे लग्न ठरले आहे. मुलगा चांगला आहे, तिला पसंत आहे. वैशाखात ती अकोल्याला जाईल. अकोल्याला समुद्र नाही. म्हणजे पोहायचे ते यंदाच. तिच्या वडिलांनी परवानगी दिली ती मी बरोबर जाईन या बोलीवर. मी मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था पाहते. साठ मुलींना वेळेवर जेवू घालणाऱ्या बाईला एका मुलीला पोहायला नेणे जड जाऊ नये, असे त्यांना वाटले असावे. मलाही तसेच वाटले. नाताळची सुट्टी लागताच आम्ही निघालो.

बोटीवर नारळाचे एक गुजराती व्यापारी शेजारी बसले होते. इंदू अलिबागेला कशासाठी चालली आहे हे मी त्यांना सांगितले. ते बराच वेळ विचार करत राहिले.

"पण बेन," शेवटी ते म्हणाले, "होडीवाला भाडं जास्ती मागतो, तर मी एक ओळखीचा देतो ना!"

रेवसला उतरून सर्व्हिस मोटारीने अलिबाग गाठले. समुद्रातला कुलाबा किल्ला दिसला तेव्हा ओहोटी होती आणि बैलगाड्या ओल्या वाळूतून किल्ल्याकडे चालल्या होत्या. इंदूचा चेहरा पडला. "मावशी, समुद्र कुठे गेला?" मी तिला सांगितले की तो परत येतो. तिथून टांग्याने नागाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाड्या (नारळी-पोफळीच्या बागा), मधून पाण्याचे पाट, रहाटाची करकर आणि इतकी गार सावली की टांग्यातच मी शाल पांघरली.

आमची सोय एका वाडीतल्या दोन खोल्यांत झाली होती. वाडीचे मालक नाना आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना गावच काकू म्हणते. माझ्या हातातला तेलाचा डबा पाहून काकूंनी पदर तोंडाला लावला. "नाना, बाहेर या हो! पुण्याहून तेल आलंय आपल्याला!" पुढचे तीन दिवस वाडीत येणाऱ्या प्रत्येकाला तो डबा दाखवण्यात आला.

खाण्याची चंगळ होती. वालाची उसळ, तांदळाची भाकरी, पांढरा कांदा, ओले खोबरे घातलेली केळफुलाची भाजी. आम्ही मासे खात नाही, याचे काकूंना फार वाईट वाटे. "पाण्यात पोहायचं आणि पाण्यातलं खायचं नाही, मग अंगात बळ यायचं कसं?" एका संध्याकाळी नानांनी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला (शेतात उगवणारी वासाची वनस्पती) घालून त्यात वालाच्या शेंगा आणि रताळी भरायची, मडके उलटे ठेवून भोवती पेंढा पेटवायचा. शेंगा सोलताना बोटे भाजतात आणि तरी हात थांबत नाही. इंदूने किती खाल्ल्या ते मी मुद्दाम पाहिले नाही.

होडी मिळाली थेरोंड्याच्या धर्मा कोळ्याची. तो आणि त्याचा भाऊ वल्ही मारीत आणि मी मध्ये बसे. पहिल्या दिवशी इंदू पाण्यात शिरली आणि थोड्याच वेळात खोकत उभी राहिली. नदीतले पाणी गोड असते आणि ते एकाच दिशेने जाते. इथे लाट तोंडावर येई, खारट पाणी नाकात जाई.

"मावशी, हे पाणी मला वर ढकलतं! पाय बुडतच नाहीत, मारू कुठे?"

"बुडत न्हाईत त्येच बरं हाय की, बाय," धर्मा म्हणाला. "आमाला बुडालेला पाय कामाचा न्हाय."

हळूहळू जमू लागले. सकाळी ती लांब पोही, दुपारी झोप, संध्याकाळी थोडे पोहणे. तेल सकाळी मी स्वतः चोळी. डोळ्यांना लावायचा चष्मा मुंबईचा होता, तो गळे. कडेला मेण लावल्यावर गळणे थांबले. एकदा काचेसारखा लिबलिबीत प्राणी तिच्या दंडाला लागला आणि चाबकाचा वळ उठावा तसे झाले. काकूंनी कोकमाचे आगळ चोळले. औषधांच्या पेटीतले काहीही उपयोगी पडले नाही, हेही नोंदवते. होडीला हात न लावता तिला काही पाजायचे कसे, हा प्रश्न मी असा सोडवला: लांब वेळूच्या टोकाला करवंटी बांधली, तिच्यात शहाळ्याचे पाणी आणि गूळ. इंदू पाण्यात उताणी होऊन ती करवंटी धरी आणि पिऊन सोडून देई. धर्माने ही युक्ती पाहून मला पूर्ण मार्क दिले आणि मग इंदूला विचारले, "लगीन झाल्यावर नवऱ्याला बी अशीच वाढनार काय?"

किनाऱ्यावर मासळी सुकत घालणाऱ्या बायका बसलेल्या असत. त्यांत धर्माची बायको चांगुणा. अर्धी विजार घालून पाण्यात जाणारी मुलगी पाहून कोणी नाके मुरडतील अशी मला धास्ती होती. नाके कोणी मुरडली नाहीत. जिभा मात्र सुटल्या.

"बाय, काय हरवलं काय गं पान्यात? रोज हुडकतीस!"

"नवरा हरवला असंल!" दुसरी म्हणाली.

इंदू कमरेएवढ्या पाण्यातून ओरडली, "नवरा अकोल्याला आहे!"

"अकोला कनच्या बाजूला?" चांगुणाने मला विचारले. मी पूर्वेकडे, डोंगरांकडे बोट दाखवले. चांगुणा उठून उभी राहिली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली, "आगो, फिर माघारी! उलटी चाललीस!"

लिहून देणारे जबाबदार गृहस्थ म्हणजे चौलात राहणारे एक निवृत्त मामलेदार. त्यांना सगळे रावसाहेब म्हणतात. विश्रांतीच्या दिवशी आम्ही चौलला त्यांच्या भेटीला गेलो. रामेश्वराचे देऊळ, त्याची मोठी पुष्करणी, सुपारी वाळत घातलेली अंगणे, असे पाहत त्यांच्या घरी पोचलो. त्यांनी मंडळाचे नियम दोनदा वाचले, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले.

"मी जे पाहीन तेच लिहीन," ते म्हणाले. "कमी नाही, जास्त नाही. चालेल?"

"तसंच हवं," इंदू म्हणाली. मला ते गृहस्थ आवडले. नियम तीनदा वाचणारा माणूस हल्ली विरळा.

परीक्षेचा मार्ग ठरला तो रेवदंड्याच्या किनाऱ्यावरून निघून चौलवरून उत्तरेला नागावपर्यंत. भरतीबरोबर जायचे. त्या दिवशी भरती सकाळी लवकर लागत होती आणि सकाळचा वारा जमिनीकडून येतो, म्हणजे पाणी शांत. सगळे जुळून आले होते. मी रेवदंडा, थेरोंडा, आक्षी, नागाव, सगळीकडच्या कोळ्यांना धर्माकरवी निरोप पाठवला की पाण्यात मुलगी दिसेल, घाबरू नये.

उजाडताच इंदू पाण्यात उतरली. रावसाहेब होडीत धोतर, कोट, पागोटे आणि काळी छत्री अशा पूर्ण सरंजामात बसले होते. इंदू सुरेख पोहत होती. रेवदंड्याच्या कोटाची भिंत मागे पडली, चौलचे माड आले आणि मागे गेले. पुढे नागाव दिसू लागले. मी वेळूची करवंटी दोनदा पुढे केली, दोनदा रिकामी परत आली. रावसाहेब मान हलवून म्हणाले, "उत्तम. असंच चालू द्या." आणि त्यांनी छत्री उघडली.

जमिनीवरून वाऱ्याचा एक झोत आला आणि छत्री त्यांच्या हातून सुटून समुद्राकडे निघाली. कोळ्याच्या होडीतून काही पडले की होडी आपोआप वळते. आम्ही कोणी काही म्हणायच्या आत धर्मा वळलासुद्धा. छत्री उलटी होऊन टोपलीसारखी तरंगत चालली होती, आम्ही तिच्या मागे. ती हाती लागली आणि मी मागे पाहिले.

दक्षिणेकडून शिडावर एक मचवा (माल नेणारे गलबत) आला होता. तो इंदूच्या अगदी जवळ होता. त्यावरचे तीन गडी कडेवरून वाकले होते.

"धर्मा!" मी ओरडले.

धर्मा उठून उभा राहिला. "आवो! तिला हात नका लावू!" पण वारा आमच्याकडून त्यांच्याकडे नव्हता. आम्ही पाहत असताना त्यांनी इंदूला दंड आणि खांदा धरून वर ओढले. ती जिवाच्या आकांताने ओरडत होती, "सोडा मला! हात लावू नका! सोडा!" आणि त्यामुळे ते तिला आणखी घट्ट धरत होते.

आम्ही पोचलो तेव्हा इंदू घोंगडीत गुंडाळलेली होती आणि पिकल्या दाढीचे एक तांडेल (मचव्याचे प्रमुख) तिच्यापुढे उकिडवे बसून हळू आवाजात समजावत होते. "बेटी, जीव खुदाने दिलेला. तो असा दर्यात फेकायचा नसतो. घरात भांडण कुणाच्या घरी होत नाय?"

मग त्यांनी मला पाहिले. माझ्या हातात तो वेळू होता.

"ही सासू काय?"

"मी मावशी आहे!" मी म्हणाले.

"मावशी असून पोरीला दर्यात सोडली?"

इंदू आता रडत होती. रावसाहेब हातात निथळती छत्री घेऊन उभे राहिले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "स्पर्श झाला," ते म्हणाले. "माझ्या छत्रीपायी झाला, पण झाला. मला लिहून देता येणार नाही."

तांडेलांना सगळे समजावून सांगायला बराच वेळ लागला. त्यांचे नाव इब्राहिम. मचवा दिघीचा, सुपारी घेऊन मुंबईला चाललेला. माझा निरोप रेवदंड्यापर्यंतच गेला होता, खाडीपलीकडच्या गलबतांचा मी विचारच केला नव्हता. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलत गेला.

"म्हणजे ही पोहत होती? आपल्या खुशीनं?"

"हो."

"आणि आम्ही तिची परीक्षा बुडवली."

त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "बाई, दर्यात माणूस दिसला तर आधी उचलायचा, नाव मागाहून विचारायचं. बापानं हेच शिकवलं मला. आता चूक झाली म्हणू, तर उद्या कुणी खरोखर बुडत असेल तेव्हा माझा हात थांबेल. तुम्हीच सांगा, काय म्हणू?"

मी हातातला वेळू खाली ठेवला.

त्यांच्या माणसाने गुळाचा, आले घातलेला काळा चहा आणला. इंदू तो हुंदके देत प्याली. मग पेला माझ्यापुढे आला. आमच्या घरात हे चालत नाही. मी पेला घेतला आणि प्याले. चहा उत्तम होता. रावसाहेबांनी घेतला नाही, पण नको म्हणताना तांडेलांना हात जोडले.

परत येताना इंदूने खांदा धरला होता. ओढताना तो मुरगळला होता.

रावसाहेबांना त्या आठवड्याच्या अखेरीस मुलीकडे बेळगावला जायचे होते. माझी सुट्टीही संपत आली होती. दोघांना जमेल असा एकच दिवस उरला होता, चार दिवसांनी. मी भरतीचा हिशेब केला. भरतीची वेळ रोज पुढे सरकते. त्या दिवशी ती ऐन सकाळ गेल्यावर लागणार होती, म्हणजे शेवटचा टप्पा दुपारी. आणि दुपारी या किनाऱ्यावर वारा वायव्येकडून येतो. नागावकडे पोहणाऱ्याच्या थेट तोंडावर. हे सगळे मी इंदूपुढे जसेच्या तसे मांडले. काकू तिच्या खांद्याला मिठाच्या पुरचुंडीने शेकत होत्या.

"खांदा दुखतोय, वारा समोरचा, वेळ दुपारची," मी म्हणाले. "नको म्हणालीस तर मी तुझ्या वडिलांना नीट समजावून सांगेन."

"मावशी," ती म्हणाली, "वैशाखानंतर मला रेवदंड्याला कोण आणणार आहे?"

काकू शेकता शेकता म्हणाल्या, "ऐकलंत? आता जास्त बोलू नका. दुसरी पुरचुंडी गरम करून आणा."

तीन दिवस ती पाण्यात गेली नाही. शेक, तेल, झोप. तेल नागावचेच वापरले. पुण्याचे संपले होते, ही बातमीही गावभर झाली.

चौथ्या दिवशी आम्ही पुन्हा रेवदंड्याला गेलो. होडीवर खूण म्हणून धर्माने काठीला चांगुणाच्या लाल लुगड्याचा तुकडा बांधला होता. रावसाहेब आले. छत्री नव्हती. पागोट्यावरून पंचा बांधला होता.

"छत्री?" मी विचारले.

"घरी कुलपात आहे," ते म्हणाले.

इंदू निघाली. थोड्याच वेळात मला दिसले की आज समुद्रावर एकटे आपणच नाही. एक होडी जवळ आली, वल्ही उचलून थांबली. तिच्यातला माणूस मोठ्याने म्हणाला, "हीच काय ती, हात नाय लावायची?" धर्मा म्हणाला, "हीच!" मग दुसरी आली. मग एक मुरुडकडची. इब्राहिम तांडेलांनी मुंबईला जाताना भेटेल त्या होडीला ओरडून सांगितले होते, आणि त्या होड्यांनी पुढच्यांना. निरोप दिघी-आगरदांड्यापर्यंत पोचला होता. पोचता पोचता त्यात भरही पडली होती. एका म्हाताऱ्याने मला आदराने विचारले, "ही पोहत इलायतेला चालली, खरं काय?"

चौलपर्यंत ठीक गेले. मग वारा सुटला. पाण्यावर आखूड, टोकदार लाटा उठल्या आणि प्रत्येक लाट तिच्या तोंडावर फुटू लागली. तिचा उजवा हात आता पूर्वीसारखा उंच उठत नव्हता. चौलचा एकच माड मला फार वेळ एकाच जागी दिसत राहिला. शेवटी ती थांबली आणि उताणी झाली.

"मावशी, मी सोडलं तर?"

मला पुष्कळ काही बोलता आले असते. मी करवंटी भरली आणि वेळू पुढे केला.

"आधी हे पी. मग ठरव."

ती प्याली. लाटा तिला वरखाली करत होत्या. मग ती डाव्या कुशीवर वळली आणि कृष्णेच्या डोहात म्हातारी माणसे पोहतात तशी, एका हाताने पाणी कापत, दुखरा हात अंगालगत ठेवून पुढे सरकू लागली. वेग काहीच नव्हता. पण माड मागे जाऊ लागला.

"हाय! हाय! अशीच!" धर्मा ओरडला. शेजारच्या होडीतून कोणीतरी म्हणाले, "दम धर, बाय! नागाव काय पळून जात न्हाय!" अशा रीतीने, कुशी बदलत, कधी दोन्ही हातांनी, कधी एकाने, ती चालली. रावसाहेबांनी पंचा काढून घाम पुसला आणि पुन्हा बांधायला विसरले. त्यांचे पागोटे तिरके झाले होते आणि कोणी त्यांना सांगितले नाही.

नागावच्या किनाऱ्यावर माणसांची गर्दी होती. मी आणि रावसाहेब थोडे आधी उतरलो. मी टॉवेल घेऊन घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिले. नाना, काकू, चांगुणा, मासळीवाल्या बायका, आक्षीचे कोळी. आणि सगळ्यांच्या पुढे इब्राहिम तांडेल. मुंबईहून परतताना किनाऱ्यावरची गर्दी पाहून, मचवा नांगरून ते उतरले होते. त्यांचे दोन्ही हात पाठीमागे होते. मी वाकून पाहिले, तर मनगटे त्यांच्याच रुमालाने बांधलेली.

"गड्याकडून बांधून घेतले," ते म्हणाले. "माझा माझ्या हातांवर भरवसा नाय."

ते ऐकून बाकीच्यांनीही हात मागे घेतले. बघता बघता सारा किनारा, बायका, पुरुष, हात पाठीशी बांधून उभा राहिला.

इंदूचे पाय वाळूला लागले. ती उभी राहिली आणि कोसळली. इतका वेळ पाण्यात आडव्या असलेल्या माणसाचे पाय त्याचे राहत नाहीत. मागून लाट आली आणि तिला गुडघ्यांवर लोटून गेली. ती पुन्हा उठली, दोन पावले टाकली, पुन्हा पडली. तोंडात पाणी आणि वाळू. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती. बहिणीची मुलगी हातभर अंतरावर पडली आहे आणि आपण नुसते उभे राहायचे! मी टॉवेल दोन्ही मुठींत पिळून धरला. माझ्या मागे चांगुणा रडत होती आणि समुद्राला शिव्या देत होती. "ऊठ गं माझे बाय! ऊठ! मेल्या, सोड तिला, लाटा कसल्या मारतोस! मी हात न्हाय लावत! मी न्हाय लावत गो!"

रावसाहेब मागे मागे सरकत कोरड्या वाळूपर्यंत गेले आणि काठीने तिथे एक रेघ ओढली. "ही कोरडी," ते म्हणाले. "इथपर्यंत या."

इंदूने मान वर करून रेघ पाहिली. ती उठली नाही. हातापायांवर रांगत, मध्ये एकदा कोपरावर टेकून, ती आली. आधी हात रेघेपलीकडे, मग गुडघे, मग पावले. रावसाहेबांनी तिची पावले रेघेच्या पूर्ण पलीकडे गेलेली वाकून पाहिली. मग सरळ झाले.

"झालं," ते म्हणाले. "आता लावा हात."

मी पोचायच्या आत तिथे कितीतरी हात पोचले होते. कोणी तिचे केस पुसत होते, कोणी तळवे चोळत होते, चांगुणाने तिला मांडीवरच घेतले. काकूंनी माझा टॉवेल ओढून घेतला. गर्दीच्या बाहेरून आवाज आला, "अरे, मला कुणी सोडवा रे!" इब्राहिम तांडेल बांधलेल्या हातांनी गोल फिरत होते आणि कोणाला त्यांच्याकडे पाहायला फुरसत नव्हती. शेवटी मीच जाऊन रुमालाची गाठ सोडली. खलाशाची गाठ, दातांनी सोडावी लागली.

रावसाहेबांनी त्याच संध्याकाळी वाडीत बसून पत्र लिहिले. त्यात समोरच्या वाऱ्याचा उल्लेख केला, कारण तो त्यांनी पाहिला होता. पहिल्या दिवसाचाही केला, छत्रीसकट. मी म्हणाले, तो भाग वगळला तरी चालेल. ते म्हणाले, "कमी नाही, जास्त नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. सामान येतानापेक्षा दुप्पट झाले होते: नारळ, सुपारी, वालाचे बोचके, काकूंच्या हातची आंबोशी. मी मोजणे सोडून दिले. पत्र माझ्या पिशवीत होते. शर्यतीत इंदू कितवी येईल, पुरी करील की नाही, हे मला माहीत नाही. मुंबईच्या मुलींना शिकवणारे आहेत, तलाव आहेत. आमच्याजवळ एक पाच मैलांचा पल्ला आहे, रांगत पुरा केलेला. नाव नोंदवायला तेवढा पुरेसा आहे.

या प्रवासाचा विचार करताना मला किल्ला किंवा पुष्करणी आधी आठवत नाही. आठवतो तो सारा किनारा, आपले हात आवरून धरलेला. समुद्रावर राहणाऱ्या माणसांना ते किती अवघड गेले असेल, हे त्यांच्यात पंधरा दिवस राहिल्यावाचून मला कळले नसते. इंदूसाठी त्यांनी पुष्कळ काही केले. त्यांतले सगळ्यांत मोठे काम म्हणजे ते अर्धी घटका काही न करता उभे राहिले.

रेवसला ओहोटी होती. आगबोट धक्क्यापासून दूर उभी होती आणि तिच्यापर्यंत लहान होडीने जायचे होते. होडी हलत होती. बोटीवरच्या खलाशाने वाकून इंदूपुढे हात केला आणि तिचा आखडलेला खांदा पाहून विचारले, "बाय, येशील आपली आपण, की धरू?"

"धरा," इंदू म्हणाली, आणि हसत त्याच्या हातात हात दिला.